हाताचे कसब, कागदाची साक्ष

घराला गिलावा झाला, रंग लागला की वायरमनचे बहुतेक काम भिंतीआड जाते. प्लंबरने घातलेला पाइप फरशीखाली जातो. दोन पाइप जोडताना वेल्डर जो पहिला थर भरतो, ज्याला कामावरची मंडळी 'रूट' म्हणतात, तो वरच्या थरांखाली कायमचा झाकला जातो. अशा कामाची पारख गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी करता येत नाही. काही चुकले असेल तर ते वर्षा-दोन वर्षांनी शॉर्टसर्किट, गळती किंवा स्फोट होऊन बाहेर पडते, आणि तोवर काम करणारा कुठल्या कुठे निघून गेलेला असतो. ज्याचे काम झाकले जाते आणि ज्याच्या चुकीची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते, त्याची परीक्षा कामाला हात लावण्याआधीच घ्यावी, हा विचार म्हणूनच जगभर रुजला. प्रमाणपत्रे, परवाने, चाचण्या हा सगळा पसारा मुळात या गरजेपोटी उभा राहिला आहे.

हे पुस्तक त्या पसाऱ्याची ओळख करून देते; पण ते लिहिले आहे त्यातून वाट काढू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी. दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत सायन्स, कॉमर्स, आर्ट्स यांची चर्चा रंगते. 'नाहीतर आयटीआय आहेच' हे सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून म्हटले जाते. या 'नाहीतर'ला आमची हरकत आहे. मात्र श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषणे ऐकवून ती हरकत सिद्ध होणार नाही. मुलाला आणि त्याच्या पालकांना नेमकी माहिती हवी असते: कोणता कागद कोण देतो, त्याने कोणते काम करण्याचा अधिकार मिळतो, आणि तो किती दिवस व कुठवर चालतो. या तीन प्रश्नांची उत्तरे माहीत नसल्यामुळे पैसे आणि उमेदीची वर्षे वाया जातात, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे.

नवख्या वाचकाने आधी एक भेद मनाशी पक्का करावा. या क्षेत्रातले कागद तीन जातींचे असतात. पहिला, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हे त्याचे ठळक उदाहरण. अमुक अभ्यासक्रम शिकला आणि त्यात उतरला, एवढे ते सांगते, आणि ते जन्मभर टिकते. दुसरा, कायद्याने दिलेला परवाना. तो नसेल तर ते काम करायलाच बंदी असते. तिसरा, कामाच्या जागी घेतलेली कसोटी. ती विशिष्ट पद्धतीच्या, विशिष्ट धातूच्या, विशिष्ट स्थितीतल्या कामापुरती असते आणि मुदत संपली किंवा हात थांबला की तिचा अंमलही संपतो.

विजेचे क्षेत्र घेतले तर हा भेद लगेच ध्यानात येतो. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, आणि तारतंत्री म्हणजे वायरमन. आयटीआयमधले हे दोन्ही व्यवसाय दोन-दोन वर्षांचे. ते पूर्ण केलेला मुलगा कारखान्यात नोकरी करू शकतो. पण २००३ च्या विद्युत अधिनियमाखालच्या सुरक्षा विनियमांनुसार, किरकोळ दुरुस्त्या वगळता, वीज मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचे असते, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रात वायरमन, पर्यवेक्षक आणि ठेकेदार यांचे परवाने राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळतात. म्हणजे आयटीआयचे प्रमाणपत्र ही त्या परवान्यापर्यंत नेणारी पायरी आहे, परवाना नव्हे. अनेक मुले पहिल्या कागदावरच थांबतात आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या परवान्यावर, दुसऱ्याच्या सहीने काम करत राहतात. स्वतःचा परवाना काढला असता तर तीच मुले ठेकेदार झाली असती.

वेल्डिंगची गोष्ट आणखी वेगळी. आयटीआयचा संधाता म्हणजे वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. पण प्रेशर व्हेसल किंवा पाइपलाइनच्या कामावर रुजू होताना नुसते प्रमाणपत्र पाहून कोणी हातात होल्डर देत नाही. तिथे चाचणीचा तुकडा वेल्ड करून द्यावा लागतो. त्याचे बारीक भाग कापून वाकवून पाहतात किंवा रेडिओग्राफी करतात. पाइप ४५ अंशांत तिरका, घट्ट बसवलेला, फिरवायची सोय नाही, अशा स्थितीतल्या चाचणीला 'सिक्स-जी' म्हणतात आणि ती उतरलेल्या वेल्डरला बाजारात वेगळाच भाव असतो. बहुतेक ठिकाणी प्रमाण मानल्या जाणाऱ्या अमेरिकी 'एएसएमई' संहितेप्रमाणे, एखाद्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केले नाही तर त्या पद्धतीपुरती पात्रता रद्द होते. कसब हातात असते आणि वापरले नाही तर ते उतरते, हे सत्य त्या नियमाने मान्य केले आहे. पदवीच्या जगात असा नियम कुठे नाही.

बॉयलरचे क्षेत्र कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कडक. आपल्याकडे १९२३ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा होता. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. बॉयलर चालवणाऱ्या अटेंडंटला द्वितीय आणि प्रथम श्रेणीच्या परीक्षा द्याव्या लागतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत गळीत हंगाम सुरू होतो तो अशा प्रमाणपत्रधारकांच्या भरवशावर. गावातल्या किती तरुणांना आपल्या शेजारच्या कारखान्यातली ही वाट ठाऊक आहे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

ही व्यवस्था इथवर आली कशी? आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार या बलुतेदारांचे शिक्षण घरातच होत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गांव-गाडा' या पुस्तकात त्या व्यवस्थेचा सविस्तर ताळेबंद आहे. तिथे शिक्षण खोल होते, कारण ते बालपणापासून रोजच्या कामातून मिळे. पण दार जन्माने उघडत होते आणि जन्मानेच बंद होत होते. लोहाराच्या घरी न जन्मलेल्याला भात्याजवळ जागा नव्हती, आणि तिथे जन्मलेल्याला दुसरीकडे जाता येत नव्हते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे, कापडगिरण्या आणि सार्वजनिक बांधकाम खाते आले आणि नव्या कारागिरांची गरज पडली. पुण्यात १८५४ मध्ये बांधकाम खात्याच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांना तयार करण्यासाठी जो वर्ग निघाला, त्यातून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. परदेशी यंत्रे पाहून लोखंडी नांगर इथे घडवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

सरकारने प्रशिक्षणाची जबाबदारी खऱ्या अर्थाने उचलली ती दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला आणि कारखान्यांना तंत्रज्ञ कमी पडू लागले, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाची योजना राबवली गेली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि ही योजना त्या खात्याच्या अखत्यारीत होती. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये जे संचालनालय स्थापन झाले, त्यातूनच पुढची केंद्रीय प्रशिक्षण यंत्रणा वाढली. १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आयटीआयचे जाळे विणले जाऊ लागले. १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद झाली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत.

या इतिहासाचा सामाजिक अर्थ आम्हाला फार मोलाचा वाटतो. प्रवेशाच्या यादीत गुण पाहिले जातात, परीक्षेत काम पाहिले जाते. कानस कशी धरायची, व्हर्नियर कसा वाचायचा, हे कोणत्याही घरातल्या मुलाला शिकता येते. जे कसब पिढ्यान्पिढ्या जातीच्या कुंपणात अडकले होते ते सार्वजनिक झाले, आणि ते सार्वजनिक करण्याचे साधन परीक्षा व प्रमाणपत्र हेच होते. प्रमाणपत्राला नुसता सरकारी कागद म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

कसब शिकवावे कसे याबद्दल मात्र एकमत कधीच नव्हते. ढोबळ मानाने पाच विचारधारा दिसतात. पहिली, मिस्त्रीच्या हाताखाली शिकण्याची. हेल्पर म्हणून लागायचे, हत्यारे द्यायची, बघत बघत एक दिवस स्वतः काम करायचे. पुस्तकात न उतरणाऱ्या हजार गोष्टी यातून हाताला कळतात. पण ड्रॉइंग वाचता येत नाही, कामामागचे कारण कळत नाही आणि बारा वर्षांच्या अनुभवाचाही कागदोपत्री पुरावा राहत नाही. दुसरी धारा संस्थेची, म्हणजे आयटीआयची: आधी शिक्षण, मग काम. ड्रॉइंग, गणित, सिद्धांत आणि वर्कशॉप यांची इथे नीट घडी बसवलेली असते. जोडारी म्हणजे फिटरचा विद्यार्थी लोखंडाची पट्टी कानशीने घासून काटकोनात आणतो तेव्हा त्याच्या हाताला मापाची शिस्त लागते. जुनी यंत्रे आणि निदेशकांच्या रिक्त जागा हे या धारेचे दुखणे.

तिसरी धारा वर्ध्याची. १९३७ मध्ये तिथल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. उद्योग हा शिक्षणाचा एक विषय नव्हे तर सर्व शिक्षणाचे माध्यम व्हावा, हा तिचा गाभा. सरकारी व्यवस्थेत ती टिकली नाही. पण पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाला लागणारी वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती अशी अनेक कामे एकाच मुलाला शिकवून दाखवली. खेड्यात एकाच कामावर पोट भरत नाही, हे ओळखून आखलेला तो अभ्यासक्रम आहे.

चौथी धारा जर्मनीतली दुहेरी पद्धत. उमेदवार आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात आणि उरलेले व्यवसायशाळेत घालवतो. साधारण तीन ते साडेतीन वर्षे हा क्रम चालतो आणि शेवटची परीक्षा मालकाऐवजी उद्योग किंवा हस्तव्यवसाय चेंबर घेते. पुढे 'माइस्टर' ही पदवी मिळवणाऱ्याला स्वतःचा व्यवसाय उघडून शिकाऊ उमेदवार घडवता येतात. तिथेही वाद आहेत: २००४ मध्ये ५३ व्यवसायांतून माइस्टरची सक्ती उठवली गेली आणि २०२० मध्ये त्यांतल्या १२ व्यवसायांत ती परत आणावी लागली. परवान्याची सक्ती फार झाली तर नव्या माणसाला दार बंद होते, आणि ती काढून टाकली तर शिकवणारेच कमी होतात. हा तोल कोणत्याही देशाला एकदाच साधून विसरता येत नाही.

पाचवी धारा गेल्या दीड दशकातली, आखूड आणि सुट्या अभ्यासक्रमांची. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ झाले, २०१३ मध्ये कौशल्यांची पातळीवार राष्ट्रीय चौकट अधिसूचित झाली, २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. पुढे या सगळ्याचे नियमन एका राष्ट्रीय परिषदेकडे आले. काम येणाऱ्याला पूर्वीच्या अनुभवाच्या आधारे प्रमाणित करण्याची सोय हा या धारेचा सर्वांत चांगला भाग. मात्र काही आठवड्यांच्या वर्गाला दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या पंगतीला बसवले की कागद हाती येतो आणि कसब मागे राहते. आमचे मत स्पष्ट आहे: आखूड अभ्यासक्रम काम येणाऱ्याला पुढे नेण्यासाठी उत्तम आहेत, काम न येणाऱ्याला कारागीर बनवण्यासाठी अपुरे आहेत.

संधींबद्दल बोलताना आम्ही पगाराचे आकडे मिरवलेले नाहीत, कारण ते शहर, कारखाना आणि हातावर ठरतात. वाटा मात्र ठाम आहेत. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी केली, तिची परीक्षा दिली की अनुभव आणि दुसरे राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येते. रेल्वेत सहायक लोको पायलट आणि तंत्रज्ञ, महावितरणमध्ये विद्युत सहायक, इस्रोत तंत्रज्ञ, माझगाव डॉक आणि वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये कुशल कामगार, अशा जागांना आयटीआयचे प्रमाणपत्र लागते. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या कारखान्यांत सीएनसी चालवणाऱ्याला आणि बिघडलेले यंत्र चालू करून देणाऱ्याला मागणी असते. दोन वर्षांचा व्यवसाय उत्तीर्ण झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. शिकवण्याची आवड असलेल्याला निदेशकाचा अभ्यासक्रम आहे. 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपले' ही समजूत आता तरी सोडावी.

परदेशाच्या वाटेबद्दल विशेष सावध राहावे लागते. परवाना सीमा ओलांडत नाही. प्रत्येक देश पुन्हा परीक्षा घेतो. सौदी अरेबियाने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा व्यवसायांसाठी भारतातच कौशल्य पडताळणी चाचण्या सुरू केल्या आहेत. जर्मनीने २०२० पासून कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा लागू केला आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाबाबत करार केला. पण तिथे जर्मन भाषा आणि आपल्या पात्रतेची मान्यता या दोन्ही अटी पार कराव्या लागतात. दहावी उत्तीर्ण नसलेल्याला आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवासाची मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. एवढी एक गोष्ट माहीत असती तर कित्येक घरांची जमीन गहाण पडायची वाचली असती.

हा विषय आत्ता अधिक निकडीचा का झाला? कारण कामच बदलते आहे. छतावरच्या सौर पॅनेलमधून येणारी डीसी वीज घरातल्या एसी मांडणीहून वेगळी काळजी मागते. विद्युत वाहनाच्या बॅटरीचा दाब जुन्या गॅरेजमधल्या बारा व्होल्टच्या सवयीने हाताळता येत नाही. एअर कंडिशनरमध्ये आता आर-३२ सारखे वायू आले आहेत. ते पूर्वीच्या वायूंपेक्षा हवामानाला कमी घातक, पण ज्वलनशील. जुन्या मेकॅनिकने जुन्याच रीतीने ब्रेझिंगची ज्योत लावली तर अपघात ठरलेला. त्याचे कसब कमी नाही, त्याला नवी माहिती मिळण्याची आणि तिचा दाखला मिळण्याची सोय हवी आहे.

सकाळी मजूर नाक्यावर उभ्या असणाऱ्या गवंडी, फरशीवाले, रंगारी यांच्याकडे बहुतेक वेळा कोणताच कागद नसतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला दिला की बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. ती महत्त्वाची आहे, पण तिथे कौशल्याची पारख होत नाही. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या हत्यार चालले त्यांतलीच अनेक माणसे आज शाळेची अट पुरी न झाल्याने परीक्षेबाहेर राहतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, हत्यारे आणि कर्ज यांच्या कक्षेत आणले, ही दिशा योग्य आहे. मुलींचा प्रश्न तितकाच मोठा. शिवणकाम आणि ब्युटी पार्लर याच मुलींच्या वाटा, अशी समजूत घरी आणि समुपदेशनाच्या टेबलावरही असते. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट या वर्गांत येणाऱ्या मुलींना शॉपफ्लोअरवर कपडे बदलायला जागा आणि रात्रपाळीला सुरक्षित वाहन मिळाले तर त्यांची संख्या वाढेल, यात आम्हाला शंका नाही.

पुस्तकाची मांडणी वर सांगितलेल्या तीन प्रश्नांभोवती आहे. प्रत्येक व्यवसायाबद्दल लिहिताना काम कसे असते, शरीराला काय सोसावे लागते, कोणता कागद कोणत्या टप्प्यावर लागतो आणि पुढे कोणत्या दिशा फुटतात, हे सांगण्याचा प्रयत्न आहे. नियम आणि शुल्क बदलत राहतात. म्हणून अर्ज करण्याआधी कागद देणाऱ्या कार्यालयात खात्री करून घ्यावी. पालकांनी हे पुस्तक मुलांबरोबर वाचावे आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, ही आमची अपेक्षा आहे.

एक विनंती मात्र कारागीर नसलेल्या वाचकाला आहे. परवान्याचा कायदा कितीही चांगला असला तरी कागद कोणी विचारलाच नाही तर त्याला किंमत येत नाही. घरी वायरमन बोलावताना त्याचा परवाना पाहा. सोसायटीचे काम देताना सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या आधी प्रशिक्षित माणसे नेमणाऱ्याला विचारात घ्या. आणि शिकलेल्या हाताने आपल्या कामाचा रास्त दाम सांगितला तर तो घासाघीस न करता द्या. दोन वर्षे शिकून, परीक्षा देऊन, परवाना काढून काम करणाऱ्याला आणि काहीच न करणाऱ्याला समाज एकच मजुरी देत राहिला, तर पुढच्या मुलाने शिकावे तरी कशासाठी? त्या मुलाने शिकावे असे आपल्याला खरेच वाटत असेल, तर त्याच्या शिक्षणाची किंमत मोजायला आपण आधी तयार झाले पाहिजे.